यूफोनियम माळ्यावर टाकण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात नुकतेच वरातीतल्या बँडचे एक छायाचित्र आले होते. पुढच्या रांगेतल्या वादकाच्या कुशीत उभ्या तोंडाचे जे मोठे पितळी वाद्य दिसते, त्याला खालच्या ओळीत 'ट्युबा' म्हटले आहे. ते यूफोनियम आहे. एवढ्यासाठी कोणी पत्र लिहू नये, हे मान्य. पण मुंबईच्या बँडमध्येही या वाद्याचे असेच चालले आहे. नाव दुसऱ्याचे, काम तिसऱ्याचे, आणि एक दिवस ट्रॉलीवरचा कीबोर्ड येऊन त्याची जागा घेतो. दोष डीजेला दिला जातो, आणि तो थोडा खराही आहे. तरी चांगले वाजणारे यूफोनियम बँडमधून सहसा कोणी काढत नाही. काढतात ते घसा बसलेले. आणि घसा बसतो तो बहुतेक आषाढ-श्रावणात, माळ्यावर.

आषाढी एकादशीला मुहूर्त संपतात. शेवटची वरात बहुधा पहिल्या पावसात भिजतच झालेली असते. वाद्ये तशीच पेट्यांत बंद होतात आणि खाली निघतात ती गणपतीच्या आगमनाला, तीही आदल्या रात्री. ट्रम्पेटची नळी साडेचार फुटांची, ती कशीबशी मोकळी होते. यूफोनियमची नळी नऊ फुटांची, तिला वळसे अनेक, आणि प्रत्येक वळणाच्या तळाशी दोन महिने मुरलेले पाणी. एकादशी तोंडावर आली आहे म्हणून हे आताच लिहीत आहे.

आधी वाद्य ओळखून घेऊ. ट्रॉम्बोनची नळीही नऊच फुटांची, आणि दोघांचा मोकळा सूर एकच, हार्मोनियमची काळी पाच. फरक नळीच्या आकाराचा. ट्रॉम्बोनची नळी बराच पल्ला सारख्या रुंदीची राहते आणि शेवटी भोंग्यात उघडते. यूफोनियमची नळी, वॉल्व्हचा म्हणजे बटणांखालचा भाग सोडला तर, पहिल्यापासून रुंदावत जाते. म्हणून एकाचा आवाज धारदार आणि दुसऱ्याचा भरीव, मऊ. नावाचा ग्रीक अर्थच मुळी 'गोड आवाजाचा'. हे वाद्य १८४० च्या दशकात जर्मनीत आकाराला आले आणि पुढे ब्रिटिश ब्रास बँडने त्याला पक्की जागा दिली. तिथल्या पंचवीसेक पितळी वाद्यांत दोन यूफोनियम, दोन बॅरिटोन आणि ट्युबाच्या घराण्यातली चार वाद्ये असतात. काळी पाचच्या ट्युबाची नळी यूफोनियमच्या दुप्पट, अठरा फूट. छायाचित्रावरून ओळखायचे तर भोंग्याचे तोंड पाहावे. यूफोनियमचे तोंड ११-१२ इंचांचे, साधारण जेवणाच्या ताटाएवढे. ट्युबाचे परातीएवढे असते.

आपल्या कानांना हे वाद्य परके वाटायचे कारण नाही. एकही बटण न दाबता नुसता ओठांचा ताण वाढवत गेले, तर क्रमाने येतात ते सूर असे: सा, प, वरचा सा, ग, प, आणि मधला एक न जमणारा कोमल निषाद सोडला की पुन्हा सा. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, तोच हा गंधार. पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, गंधारापेक्षा तो सुमारे १४ सेंट उतरा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट. यूफोनियमच्या ज्या सुरावर बँडमास्तर डोळे वटारतो तो बरेचदा हाच असतो, आणि खरे बोलायचे तर दोघांत बेसूर असते ती पेटी. त्याच्या वरचा पंचम मात्र बऱ्याच यूफोनियममध्ये खरोखरच चढा निघतो. तो वादकानेच ओठ किंचित सैल करून खाली आणायचा असतो.

याहून मोठा गोंधळ पट्टीचा. ब्रास बँडच्या कागदावर यूफोनियमवादकाचा जो 'सी', तो पेटीवर काळी पाच. लिहिलेला सूर प्रत्यक्षात एक सप्तक आणि वर एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतो. कीबोर्डवाला 'सी स्केल' म्हणतो, यूफोनियमवाला आपला सी लावतो, आणि पहिल्याच ओळीला गाणे दोन पट्ट्यांत फाटते. पेटीची पांढरी एक हवी असेल तर यूफोनियमवर डी धरावा. पांढरी चारसाठी जी, काळी दोनसाठी एफ, काळी एकसाठी ई फ्लॅट. एवढी चार उत्तरे वादकाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली असली की निम्मी भांडणे मिटतात. उरलेली निम्मी छापील संचांमुळे होतात. लष्करी आणि पोलिसी बँडसाठी छापलेल्या साहित्यात यूफोनियमचा बास क्लेफमधला (खालच्या सुरांच्या खुणेचा) वेगळा भाग असतो, आणि तो जसा लिहिला तसाच वाजतो. कॉर्नेटवरून (ट्रम्पेटसारख्या छोट्या वाद्यावरून) आलेल्या मुलाच्या हाती तो कागद पडला की बोटे भलतीकडेच जातात. त्याला ट्रेबल क्लेफचाच भाग द्यावा, कारण त्यात कॉर्नेटची बोटे जशीच्या तशी चालतात.

बँडला सोयीच्या पट्ट्या म्हणजे काळी पाच, काळी दोन आणि पांढरी चार. कीबोर्ड आला की पांढरी एकचा आग्रह सुरू होतो, आणि तिथे यूफोनियमची खरी अडचण उघडी पडते. पांढरी एकचा सा खालच्या सप्तकात वाजवायला पहिले आणि तिसरे बटण एकत्र दाबावे लागते. वाद्यातल्या सगळ्या जोड्यांत लबाड जोडी ही.

हिशेब सोपा आहे. नळी १०८ इंच धरा. पहिले बटण एक स्वर उतरवते, त्यासाठी ते सव्वातेरा इंच नळी जोडते. दुसरे अर्धा स्वर उतरवते, सुमारे साडेसहा इंच. तिसरे दीड स्वर, साडेवीस इंचांच्या आतबाहेर. पहिले आणि तिसरे मिळून पावणेचौतीस इंच झाले. पण अडीच स्वर खाली उतरायला लागतात सव्वाछत्तीस. अडीच इंच नळी कमी पडली की सूर ३० सेंट चढा लागतो, म्हणजे एका श्रुतीहूनही जास्त. तिन्ही बटणे एकत्र दाबली तर पावणेपाच इंच कमी पडतात आणि चूक पाव स्वराच्या पुढे जाते. हा वादकाच्या कानाचा दोष नाही. तीन बटणांच्या प्रत्येक वाद्याला तो जन्मतः असतो, पण ट्रम्पेटच्या तिसऱ्या बटणाच्या स्लाइडला, म्हणजे आतबाहेर सरकणाऱ्या नळीला, बोट अडकवायची कडी असते आणि वाजवतानाच ती बाहेर सरकवता येते. यूफोनियमला तशी सोय सहसा नसते. तेव्हा तिसरी स्लाइड कायमची अर्धा-पाऊण इंच बाहेर ओढून ठेवावी, ही झाली तडजोड. तिने पहिली-तिसरी बरीच सुधारते आणि दुसरी-तिसरी फार बिघडत नाही. नुसते तिसरे बटण एरवीही कोणी वापरत नाही, त्याऐवजी पहिले-दुसरे दाबतात.

चौथ्या बटणाचा जन्म याच अडचणीतून झाला. ते एकटेच अडीच स्वर उतरवते, म्हणून पहिल्या-तिसऱ्याच्या जागी चौथे आणि तिन्हींच्या जागी दुसरे-चौथे वापरायचे. तरीही खाली थोडी चूक उरतेच. ती घालवायची युक्ती लंडनच्या बूझी कंपनीत डेव्हिड ब्लेकली यांनी १८७० च्या दशकात काढली आणि तिचे पेटंट घेतले. चौथे बटण दाबले की हवा चौथ्या वॉल्व्हची नळी फिरून परत पहिल्या तीन वॉल्व्हमध्ये येते आणि तिथल्या मागच्या छोट्या वळशांतून जाते. कमी पडलेले इंच ती तिथे भरून घेते. वादकाला वेगळे काही करावे लागत नाही. अशा वाद्याला कॉम्पेन्सेटिंग म्हणतात. सूर सुधारतो, पण वजन वाढून साडेचार किलोच्या घरात जाते, आणि मागच्या छोट्या वळशांत पाणी साचते ते वेगळे. त्या वळशांच्या इवल्या स्लाइड वर्षानुवर्षे न काढलेली वाद्ये दुरुस्तीला येतात. त्यांतून जे बाहेर पडते त्याचे वर्णन वृत्तपत्रात न केलेले बरे.

हे सगळे वाचून मंडळांनी आणि शाळांनी लगेच चार बटणांचे कॉम्पेन्सेटिंग वाद्य मागवू नये. त्यात चौथे बटण बहुधा बाजूला असते, डाव्या हाताच्या बोटाशी. चालत्या मिरवणुकीत डावा हात वाद्य तोलून धरण्यात गुंतलेला असतो, तो बटण काय दाबणार? बसून वाजवणाऱ्या बँडला बाजूचे बटण उत्तम. चालणाऱ्याला एका ओळीतली चार बटणे बरी, आणि तीन बटणांवरही काम भागते, तिसरी स्लाइड वर सांगितल्याप्रमाणे ओढलेली असली तर.

खरेदीचे म्हणाल तर देशातली बरीच बँडवाद्ये मेरठच्या जली कोठी भागात घडतात. आपल्याकडे धोबी तलाव, काळबादेवीच्या दुकानांत देशी-परदेशी दोन्ही मिळतात. कुठूनही घ्या, पण टेप आणि व्हर्निअर (नळीचा व्यास मोजायचे साधन) खिशात घेऊन जा. यूफोनियमच्या नावाखाली बॅरिटोन गळ्यात पडणे अगदी सोपे आहे, कारण लांबी दोघांची सारखीच. बॅरिटोनचा भोंगा नऊ इंचांच्या आसपास असतो आणि वॉल्व्हच्या स्लाइडचा आतला व्यास १३ मिलिमीटरच्या जवळ. यूफोनियमचा १४.५ ते १५ असतो. बॅरिटोन वाईट वाद्य नाही, फक्त त्याचा आवाज सडसडीत. यूफोनियमचे पैसे देऊन तो घरी आणू नये.

मग वॉल्व्ह तपासा. बटण वर असताना त्याची स्लाइड सरळ बाहेर ओढा, दोन-तीन सेकंद थांबा आणि बटण दाबा. 'टप्' असा आवाज आला तर वॉल्व्ह हवा धरून आहे. आवाज आलाच नाही तर पिस्टन, म्हणजे बटणाबरोबर खालीवर होणारा दट्ट्या, झिजलेला आहे, आणि ते दुखणे तेलाने बरे होत नाही. पिस्टन आणि त्याच्या नळकांड्यातली फट केसाच्या जाडीहून कमी असते. ती वाढली की पिस्टनवर पुन्हा मुलामा चढवून घासून बसवावा लागतो, आणि असे काम करणारे हात आता थोडे आहेत. भोंग्यावरचे पोचे पाहून किंमत पाडावी, जरूर पाडावी, पण त्यांना घाबरू नये. माउथपीसनंतरच्या पहिल्या हातभर नळीत वाटाण्याएवढा पोचा असेल, तर तो भोंग्यावरच्या मुठीएवढ्या पोच्यापेक्षा जास्त नडतो.

चोर बाजारातल्या जुन्या ब्रिटिश वाद्यांचा मोह होतो, आणि त्यांचे पितळ असतेही छान. पण १९६० च्या दशकापर्यंत ब्रिटिश ब्रास बँडची वाद्ये चढ्या पट्टीला घडवत, ए हा सूर म्हणजे सेकंदाला ४५२.५ कंपने. आजचा ए ४४० चा. फरक जवळजवळ पाव स्वराचा. सगळे वाद्य सुरात लावायची मुख्य स्लाइड दीड इंच बाहेर ओढली की नळी तीन इंच वाढते आणि मोकळा सूर पेटीला मिळतो. इतपत सगळेच करतात आणि इथेच थांबतात. मग मोकळे सूर जुळतात आणि बटणाचे सगळे चढे लागतात, कारण वॉल्व्हच्या स्लाइड जुन्याच मापाला राहिल्या. पहिली सुमारे ५ मिलिमीटर, दुसरी २, तिसरी ७ एवढ्या बाहेर हव्यात. मुख्य स्लाइड तेवढी ओढण्याइतकी लांब नसेल तर कारागिराकडून तिच्यात नळीचा तुकडा जोडून घ्यावा. वॉल्व्हजवळ कापाकापी करू देऊ नये.

आता माळ्याकडे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. लाळ, घाम आणि मुंबईची खारी दमट हवा मिळून त्यातले जस्त आधी खातात. बाहेरून तांबूस ठिपके दिसू लागतात, बहुधा माउथपीसजवळच्या नळीवर. हा गंज आतून बाहेर आलेला असतो. ठिपका नखाने दाबून खचला तर ती नळी बदलण्याखेरीज इलाज नाही. आणखी एक शत्रू अमोनिया. ब्रिटिश आमदनीत तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप चिरत. जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा यांचा तो प्रताप. धातुशास्त्रात त्या दोषाला 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात, आणि तो सीझन म्हणजे आपला पावसाळा. वरातीच्या घोडीच्या तबेल्यालगतच वाद्यांची खोली असेल तर हे ध्यानात ठेवावे. अमोनिया असलेले काचा पुसायचे द्रवही वाद्याला लावू नये. समई घासायची पूड, चिंच, लिंबू हेही नको. वाद्यावर लॅकरचा पातळ थर असतो, तो निघाला की हवा थेट पितळाला भिडते. चार दिवस वाद्य सोन्यासारखे चमकते आणि पाचव्या दिवशी काळवंडायला लागते.

साफसफाई अशी करावी. जुन्या चादरीवर वाद्य घ्यावे. पिस्टन एकेक करून काढावा आणि त्यावरचा आकडा पाहून ओळीत मांडावा. पिस्टनची अदलाबदल झाली तर भोकांना भोके मिळत नाहीत आणि फुंकर अडते. आगमनाच्या सकाळी 'वाद्य एकदम बंद पडले' म्हणून धावत येणाऱ्यांपैकी कित्येकांचे दुखणे एवढेच असते. सगळ्या स्लाइड काढाव्यात, मागच्या छोट्यासुद्धा. लहान मुलांच्या आंघोळीच्या प्लॅस्टिक टबात यूफोनियम आडवे मावते. पाणी कोमट, हाताला सहज सोसेल एवढे. कढत पाण्याने लॅकर सुटते. दहा लिटरला चमचाभर भांड्यांचा द्रव साबण पुरे. अर्धा तास भिजू द्यावे, मग लवचीक तारेच्या टोकाला बसवलेला मऊ ब्रश घालावा, आणि सर्वांत जास्त वेळ माउथपीसनंतरच्या नळीत घालवावा. खाल्ल्या तोंडाने फुंकलेला वडापाव, चहा आणि पान तिथेच बसलेले असते. पिस्टन टबात टाकू नयेत, त्यांचे फेल्ट (नमद्याच्या चकत्या) भिजतात. ते मऊ सुती कापडाने पुसावेत. नळकांडे पुसायला काडीला कापड पुरते गुंडाळावे, काडीचे उघडे टोक आत लागता कामा नये. तिथला एक ओरखडा पिस्टनला जन्मभर अडकवतो.

पालिकेचे पाणी तलावांचे, मऊ. त्याने खार फारसा धरत नाही. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी वापरत असाल तर शेवटची खळबळ उकळून गाळून गार केलेल्या पाण्याने करावी. नंतर वाद्य गोल गोल फिरवत प्रत्येक वळणातले पाणी काढावे आणि पंख्याखाली पूर्ण एक दिवस ठेवावे. उन्हात ठेवू नये, अर्थात आषाढात ऊन असते कुठे, हा भाग वेगळा.

तेलाबद्दल जरा कडक बोलायला हवे. खोबरेल तेल वॉल्व्हला अजिबात चालत नाही. थंडीत ते थिजते आणि जुने झाले की चिकट पिवळा थर धरते. तो पुढे पिस्टनला गोंदासारखा पकडून ठेवतो. रॉकेलने पिस्टन तात्पुरता सुळसुळीत होतो, पण रॉकेल उडून गेल्यावर मागे काही उरत नाही आणि धातू धातूवर घासतो. शिलाई मशीनचे तेल वॉल्व्हसाठी जाड पडते. वॉल्व्ह ऑइलच आणावे, महाग वाटले तरी. प्रत्येक पिस्टनला चार-पाच थेंब, आणि पिस्टन घालून खाच सापडेपर्यंत हलकेच फिरवावा. 'कट्' लागले की जागेवर बसला. स्लाइडना मात्र तेल नको, ग्रीस हवे. वॉल्व्ह ऑइल स्लाइडवर लावले तर ते वाहून खाली पिस्टनवर येते आणि येताना ग्रीसचा मळ घेऊन येते.

वाद्य परत पेटीत घालू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. पेटीचा स्पंज वरातीत भिजलेला असतो. बाहेरून कोरडा लागला तरी आत ओल धरून असतो, आणि दोन महिने तीच ओल वाद्याला पुरवतो. जुन्या सुती धोतरात किंवा चादरीत सैल गुंडाळावे, माउथपीस काढून वेगळा ठेवावा आणि वाद्य जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर, हवेशीर ठेवावे. सोबत सिलिका जेलच्या शंभर ग्रॅमच्या दोन पुड्या. दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्याव्यात, पुन्हा कामाला येतात. मग दर आठ दिवसांनी पाच मिनिटे: बटणे दाबायची, दोन-तीन थेंब तेल, चार लांब सूर, पाणी काढायचे, पुसून ठेवायचे. आठवड्याला पाच मिनिटे कोणाकडे नसतात असे नाही, पण माळ्यावर चढायचा कंटाळा येतो. म्हणून माळाच नको. खोलीतल्या खुंटीला जाड कापडी पिशवीत टांगलेले वाद्य हाताला येते आणि वाजवले जाते.

माउथपीस अडकला तर पक्कड लावू नये. माउथपीस फिरतो तो एकटा नाही, त्याच्याबरोबर नळीही पिळली जाते आणि तिचे डाग देऊन जोडलेले सांधे सुटतात. यासाठी साधा ओढणी-स्क्रू मिळतो, बँडमध्ये एक असावाच. अडकलेल्या स्लाइडला सांध्यात पातळ गंजतेल सोडून रात्रभर थांबावे, मग स्लाइडच्या कमानीत सुती पट्टी ओवून झटक्याने ओढावी. ज्योत दाखवायचे काम घरी करू नये. डाग द्यायचा शिसे-कथिलाचा मिश्रधातू दोनशे अंशांच्या आतच वितळतो, आणि एक सांधा सोडवताना शेजारचे तीन सुटतात.

बटणाखालचे फेल्ट ही आणखी एक दुर्लक्षित वस्तू. पिस्टनमधली भोके नळकांड्यातल्या भोकांसमोर नेमकी यायला हवीत, आणि ती कुठे थांबणार हे फेल्टची जाडी ठरवते. फेल्ट मिलिमीटरभर चेपला की भोके मिलिमीटरभर सरकतात. प्रत्येक सुराच्या वाटेत जणू उंबरा उभा राहतो आणि आवाज कोंडल्यासारखा येतो. वादक मग जोर लावून फुंकतो, सूर आणखी चढतो. यावरचा रस्त्यावरचा इलाज म्हणजे जुन्या रबरी चपलेतून कापलेल्या चकत्या. चकती कापायला हरकत नाही, पण जाडी आधी मोजावी. दुसऱ्या वॉल्व्हची स्लाइड काढून तिच्या नळीतून छोटा टॉर्च मारला की भोक भोकासमोर आले की नाही ते डोळ्यांनी दिसते. बाकीच्या वॉल्व्हना आरसा लागतो. चपलेचे रबर उन्हात मऊ पडते आणि बटण परत येताना मागे रेंगाळते, म्हणून मे महिन्याच्या वरातीला ते नको.

वाद्य धड असेल तर त्याला काम धड द्या, हे बँडमास्तरांना सांगणे. ठेक्याच्या मधल्या मात्रेवर पुं-पुं करायला ट्युबा किंवा दुसरा बॅरिटोन पुरतो. यूफोनियमचा पल्ला पुरुषी गळ्याचा आहे. अभंगाचा मुखडा कॉर्नेटला दिला तर अंतरा यूफोनियमला द्यावा, आणि कॉर्नेटने त्यावर नुसते लांब सूर धरावेत. कोळीगीतात कॉर्नेट चाल वाजवत असताना यूफोनियमने खालून उलट दिशेने फिरणारी दुसरी चाल वाजवावी. ब्रास बँडच्या मार्चमध्ये हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहे. मींड हवी असेल तर बटण अर्धवट दाबून जिभेचा आघात न करता ओठांनी सूर नेता येतो. दोन-अडीच स्वरांपर्यंत ते सुरेख लागते, पुढे आवाज फाटतो. ट्रॉम्बोनची मींड याला येणार नाही, तिचा हट्ट धरू नये.

जागाही महत्त्वाची. भोंगा वर तोंड करून असल्याने आवाज आधी आकाशाकडे जातो. गिरगावच्या किंवा लालबागच्या चाळींच्या गल्लीत भिंती तो खाली परत आणतात आणि यूफोनियम शोभते. चौपाटीच्या वाळूवर तोच वादक ऐकू येत नाही, त्याची चूक नसताना. मोकळ्यावर वाजवायचे असेल तर दोन यूफोनियम शेजारी शेजारी, कॉर्नेटच्या लगेच मागच्या रांगेत ठेवावीत. ढोल-ताशाच्या मागे कधीच नाही. तिथे वादकाला स्वतःचा सूर ऐकू येत नाही, आणि स्वतःचा सूर न ऐकणारा माणूस जोरातच फुंकणार. दुपारच्या मिरवणुकीत वाद्य तापून चढते, पेटी आणि कीबोर्ड जिथल्या तिथे राहतात. सकाळी मिळवलेली मुख्य स्लाइड दुपारी पुन्हा पाहावी, दोन-चार मिलिमीटर बाहेर घ्यावी लागते.

कळावे,
पितळी वाद्यांचा एक दुरुस्तीकार,
परळ, मुंबई

ता. क. त्या छायाचित्रात माउथपीसच्या सांध्यावर कागदाची गुंडाळी स्पष्ट दिसते. यूफोनियमच्या माउथपीसचा दांडा तीन जाडींत येतो, बारीक, मध्यम आणि जाड. बारीक दांड्याचा माउथपीस जाड तोंडाच्या वाद्यात डगमगतो आणि कागद गुंडाळून घट्ट केला तरी हवा कडेने निसटते. वरचे सूर तुटतात, खालचे फुसके येतात. दुकानात जाताना माउथपीस नव्हे, वाद्य घेऊन जावे. योग्य दांडा पाऊण ते एक इंच आत जाऊन हलायचा थांबतो, कागदाशिवाय.